पँटचा नंबर आणि पोटाचा घेर

या महिन्यात शुगरवर इतकी पत्रं आली की गुडघेदुखीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवावी लागली. बेळगावात शहापूरला सव्वीस वर्षं दवाखाना चालवते, पण वाचकांनी एवढे आकडे स्वतःहून लिहून पाठवलेले पहिल्यांदाच बघतेय. रिपोर्ट जपून ठेवता, हे फार चांगलं करता. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: वय ४६. अनगोळला राहतो, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६८ किलो. तपासणीत उपाशीपोटी साखर ११८, जेवणानंतर १९२, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.३ आली. ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४, बीपी १३८/८८. ‘बॉर्डरवर आहे, सांभाळा’ एवढंच सांगितलं. मॅडम, मी वर्षभर बिनसाखरेचा चहा पितो, गोडाला हात लावत नाही, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खातो. जाड म्हणावं तर तसाही नाही, पँट ३४ नंबरचीच लागते. मग साखर वाढते कुठून?

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातल्या साखरेपेक्षा तिच्या पुढच्या ओळीनं मला जास्त काळजी लावली. आधी साखरेचं बोलू. उपाशीपोटी १२६ किंवा तीन महिन्यांची ६.५ ही मधुमेहाची रेषा. तुम्ही तिच्या अलीकडे आहात. पण ‘बॉर्डर’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, म्हणून तो शब्द मी दवाखान्यात वापरतच नाही.

मागच्या महिन्यात वडगावचा एक विणकर आला होता, साधारण तुमच्याच वयाचा. त्याचंही तेच गाऱ्हाणं. “गोड काय खात नाही की ओ मी!” मी त्याला उभं केलं, शर्ट वर करायला सांगितला. पट्टा बेंबीच्या चार बोटं खाली आवळलेला, आणि पोट त्याच्यावरून पुढे आलेलं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरला, श्वास सोडायला लावला. ९८ सेंटीमीटर. पँट त्याचीही ३४ नंबरचीच. त्यानं टेप हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाला, “परत एकदा मोजा.” परत मोजलं. ९८च.

पँट पोटाखाली बसते, दादा, म्हणून पँटच्या नंबरला पोट कळत नाही. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत, आणि बायकांचा ८० च्या आत. टेप नसेल तर शिलाई मशीनच्या डब्यातला घ्या आणि आजच मोजा.

आता तुमचे आकडे. पाच गोष्टी बघायच्या असतात: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा वर, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यातल्या तीन जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार तर टेप न लावताच जुळल्या आहेत. हे चारही एकाच मुळाचे कोंब आहेत, हे १९८८ साली अमेरिकेतले डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी मांडलं. ते मूळ म्हणजे इन्सुलिनला शरीरानं दाद न देणं.

साखर कुठून येते, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रात्री आपण झोपतो तेव्हाही मेंदूला साखर लागते, म्हणून यकृत ती थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. पुरेशी झाली की इन्सुलिन यकृताला ‘बस’ म्हणतं. पोटात चरबी साठली की ती यकृतातही साठते, आणि चरबीनं भरलेलं यकृत ते ‘बस’ ऐकत नाही. तुम्ही रात्रभर काही न खाता सकाळी ११८ येतात ते यामुळे. तीच चरबी यकृत रक्तातही पाठवत राहतं, ते तुमचं २६० ट्रायग्लिसराइड. चहातली साखर सोडलीत ते बरोबरच केलंत, पण तेवढ्यानं हे थांबणार नव्हतं.

‘जाड नाही’ याबद्दल एक गोष्ट सांगते, मला ती फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवणच आहे. तुमचा बीएमआय २५ च्या आसपास येतो, आणि आपल्यासाठी २३ च्या वर गेला की सावध व्हायचं असतं.

भाकरीचं. ज्वारी चांगलीच आहे, पांढऱ्या भातापेक्षा तिच्यात चोथा कितीतरी जास्त. पण शंभर ग्रॅम ज्वारीतही साधारण ७० ग्रॅम पिष्ट असतं आणि पोटात त्याची साखरच होते. भाकरी किती खाता, केवढी खाता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विणकरालाही मी विचारलं नव्हतं, त्याच्या बायकोनं सांगितलं: तव्याएवढ्या तीन, वर आमटी-भात. ताटाची मांडणी बदला. अर्ध्या ताटात भाजी आणि कच्चं: मेथीची कोवळी पानं, कांद्याची पात, काकडी, मुळा. आपल्याकडे भाकरीबरोबर हे चावून खायची जुनी पद्धत आहे, ती हॉटेलच्या ताटानं घालवली. पाव ताट मटकी किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, नाहीतर अंडी, मासे. उरलेल्या पाव ताटात एक भाकरी. भात हवाच असेल तर त्या दिवशी अर्धी भाकरी आणि एक छोटी वाटी भात. आधी भाजी-उसळ खा, भाकरी मागून. एवढ्या क्रमानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. शेंगाचटणी चमचाभर चालेल. तुमचं बीपी बघता लोणचं-पापड मात्र बंद.

आणि चुरमुरे. हा सीमाभागातला घरोघरीचा घोळ आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की चुरमुऱ्याचा चिवडा किंवा भडंग, ‘हलकं असतं’ म्हणून. पोटाला हलकं असतं, साखरेला नसतं. फुगवलेला तांदूळ झटकन पचतो आणि साखर तितक्याच झटकन चढते. त्याऐवजी मूठभर फुटाणे खा, किंवा उकडलेल्या शेंगा.

चालण्याबद्दल तुम्ही म्हणाल, दिवसभर उभाच असतो. उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं. चालताना मांडीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, आणि आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं. वजन पाच किलोनं उतरवायचं ठरवा, जास्त नको. अमेरिकेतल्या तीन हजारांवर माणसांच्या अभ्यासात, २००२ साली तो छापून आला, वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. चेन्नईत आपल्या लोकांवर असाच अभ्यास झाला, २००६ चा. तिथे राहणी बदलून प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. फायदा अमेरिकेपेक्षा कमी दिसतो, हे लपवत नाही. पण त्यासाठी औषधाचा खर्च नाही आणि बीपी, ट्रायग्लिसराइड त्यातच उतरतात.

रात्रपाळी असेल तर दिवसा खोली काळोखी करून सलग झोपा. तुटक झोपेनंही साखर वाढते. तीन महिन्यांनी साखर आणि चरबीची तपासणी परत करा. बीपी मात्र तेवढं थांबवू नका, पंधरा दिवसांत तीन-चार वेळा शांत बसून मोजून घ्या आणि ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. यकृताची चरबी बघायला पोटाची सोनोग्राफी करावी का, हेही तेव्हाच विचारा.

प्रश्न: आमचं संकेश्वरजवळ गुऱ्हाळ आहे. घरचा, रसायन न घातलेला गूळ आहे. शुगरवाल्यांना साखरेऐवजी तो चालतो ना?

उत्तर: नाही चालत. तुमच्या गुळाला चव आहे, थोडं लोह आहे, आणि तुमचे कष्ट आहेत. पण त्यातला बहुतेक भाग उसाची तीच साखर आहे, आणि रक्तात गेल्यावर ती कुठल्या काहिलीतून आली हे शरीर विचारत नाही. रसायन नसणं ही गोष्ट वेगळी, साखर नसणं वेगळी. काकवीचंही तेच. गिऱ्हाईक ‘शुगर आहे, चालेल का’ म्हणून विचारेल, तेव्हा कृपा करून खरं सांगा. तुमच्या तोंडून आलेलं तो माझ्यापेक्षा जास्त मानेल.

प्रश्न: आम्ही निपाणी भागातले. सासूबाई ७४ वर्षांच्या, शुगर पंधरा वर्षांपासून. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. संकष्टीला सकाळी गोळी घेतली, दिवसभर थोडी साबुदाणा खिचडी आणि चहा. संध्याकाळी घामानं भिजल्या आणि भलतंच बोलायला लागल्या. मला ओळखेनात. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लकवा. शेजारच्या मुलाकडे मशीन होतं, त्यानं बघितलं तर ४६! साखरेचं पाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांत शुद्धीवर आल्या. आता सगळे म्हणतात गोळ्या बंद करा. काय करू?

उत्तर: ताई, त्या मुलानं तुमच्या सासूबाईंचा जीव वाचवला. त्याला माझा निरोप सांगा.

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझ्या आईचंही असंच झालं होतं. मी तेव्हा शिकत होते, घरी नव्हते. एका दवाखान्यात तिला पक्षाघात म्हणून नेऊन ठेवलं. तोंड वाकडं दिसत होतं, एक हात उचलत नव्हता. साखर बघायला तीन तास लागले. बघितली तेव्हा ३८. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि हात हलायला लागला. साखर खूप उतरली की लकव्यासारखीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून शुगरचा कुणीही माणूस बरळला, घामाघूम झाला, थरथरला, एकाएकी चिडला किंवा पेंगला तर पहिलं काम बोटाला सुई. मशीन नसेल तर कमी आहे असंच धरा. तासभर जास्त राहिलेल्या साखरेनं होणार नाही ते नुकसान तासभर उतरलेल्या साखरेनं होतं. आणि साखर देऊनही हात किंवा तोंड सुधारलं नाही, तर तो लकवाच समजून तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

झालं काय ते सांगते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत जेवण नाही. मधे साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट: साखर झर्रकन चढते आणि उतरते, आणि गोळी मागे काम करतच राहते. या वयात मूत्रपिंडं मंदावलेली असली तर गोळी अंगात आणखी रेंगाळते. म्हणून एकदा साखर पाजून बरं वाटलं तरी काम संपत नाही. या गोळीनं उतरलेली साखर दिवसभरात परत परत उतरू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसात. असं झालं की त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, आणि रात्री दोन-तीन वेळा मोजायचं.

साखर ७० च्या खाली आणि माणूस गिळतोय, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पेढा, कुंदा, चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी परत मोजा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच द्या. वर आली की भाकरी-भाजी खायला घाला. माणूस गिळत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा फक्त गाडी बोलवायची.

गोळ्या तुमच्या मनानं सगळ्या बंद करू नका. तसं केलं तर साखर खूप वर जाऊन दुसरीच आफत येऊ शकते. डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, ग्लिमेपिराइड काढून साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी देता येईल का? दोन, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करायची का? त्यावरून मेटफॉर्मिनचा डोसही ठरतो. आणि ७४ व्या वर्षी तीन महिन्यांची साखर ६.५ वर आणायचा हट्ट कुणीच धरू नये. त्यांच्या वयाला साडेसात ते आठ पुरे.

उपवासाचं मी त्यांनाच लिहिते. आज्जी, नमस्कार. तुमची संकष्टी मी मोडायला सांगत नाही. दर चार तासांनी ताक, मूठभर दाणे, उकडलेलं रताळं असं थोडं थोडं घ्या, आणि उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना आदल्या आठवड्यात विचारून घ्या. घाम सुटला, हात थरथरला तर चंद्र उगवायची वाट न बघता साखर तोंडात टाका.

प्रश्न: निवृत्त शिक्षक, टिळकवाडी. मशीनवर सकाळी दहा वाजता ३१२ आली, घाबरून पाच मिनिटांनी दुसऱ्या बोटाला बघितली तर १६८. मशीन फेकून द्यायचं का?

उत्तर: गुरुजी, मशीन फेकू नका. त्या आधी काय खाल्लं होतंत?

असं विचारते, कारण एकदा माझ्यासमोरच हे झालं. मुलाची बढती झाली म्हणून एक गृहस्थ दवाखान्यात कुंदा घेऊन आले. सगळ्यांना वाटला, एक चिमूट स्वतःही खाल्ली, आणि लगेच बोट पुढे केलं. २९७. मी त्यांना नळावर पाठवलं, साबणानं हात धुवून पुसायला लावले. १७१. थेंब केवढा असतो, मोहरीएवढा. त्यात बोटावरचा कुंद्याचा कण मिसळला की पट्टी तोही मोजते. आंबा, चिकू सोलल्यावरही हेच होतं. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, साबण-पाणीच हवं, आणि बोट कोरडं हवं. बोट फार पिळूही नका.

हात स्वच्छ असूनही थोडा फरक राहतो. चांगल्या मशीनलाही प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे १६० आणि १७५ यांत फरक शोधत बसू नका. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा; आपल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी दमट होऊन वाया जाते. आणि रोज फक्त सकाळचीच साखर बघण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस जोडीनं बघा: जेवायच्या आधी, आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी. ताटात काय होतं ते शेजारी लिहा. महिनाभरात तुमची वहीच सांगेल की तुम्हाला पोहे चढवतात की इडली. वही ठेवायला मी तुम्हाला काय शिकवणार!

प्रश्न: वय ५८, शुगर बारा वर्षं. दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी चालत जातो, नवस आहे. दोन वर्षांपासून तळवे बधिर आहेत. चप्पल पायातून निसटली तरी पुढे गेल्यावर कळतं. यंदा जाऊ का?

उत्तर: अनवाणी जाऊ नका, भाऊ. चप्पल निसटल्याचं कळत नाही, त्या पायाला तापलेला डांबरी रस्ता आणि काचही कळणार नाही. मागे असाच एकजण परतल्यावर आला होता. तळव्यावर रुपयाएवढा फोड, आत पू, आणि दुखत नाही म्हणून आठ दिवस कुणाला दाखवलेला नाही. दोन बोटं गेली.

देवीला सांगा आणि पायात बूट घाला: मऊ, पुढून रुंद, आत सुती मोजे. नवे कोरे घालून निघू नका, महिनाभर घरी वापरून मऊ करा. चालणं जमेल तेवढंच, बाकी ट्रॅक्टर किंवा बसनं. निघायच्या आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी आणि संवेदना तपासून घ्या. लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्याचा पडदाही वर्षभरात बघितला नसेल तर तेव्हाच बघा. पायाच्या नसा गेल्या असतील तर डोळे आणि मूत्रपिंडंही बहुतेकदा मागे राहिलेली नसतात. तंबाखू किंवा बिडी असेल तर ती मात्र आजच सोडा, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ती आणखी आवळते.

वाटेत दर मुक्कामाला बूट काढा, आत हात घालून खडा आहे का बघा. आरसा जमिनीवर ठेवून तळवा त्यात धरा, बोटांच्या बेचक्याही बघा. नजर कमी असेल तर बरोबरच्या पोराला बघायला सांगा. लालसर डाग, फोड, चिरलेली टाच, काहीही दिसलं तर तिथूनच परत फिरा आणि त्याच दिवशी पाय दाखवा.